पाचवा दिवा

आसेन जाऊन सात वर्षं झाली, पण दोचकाच्या घरातली माणसं दोनाच्या खाली आली नाहीत. आसेन तिचा मुलगा. तो स्पेनला संत्री तोडायला गेला, तिथं त्यानं दुसरी बाई पाहिली आणि तिथलाच झाला. मागं राहिली त्याची बायको, बिल्याना. ती आता माहेरी जाईल, नाहीतर खाली सांदान्स्की शहरात खोली करेल, असं सगळ्या गोर्ना चेश्मा गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ती गेली नाही. दोचकानं तिला राहा म्हटलं नाही, आणि जाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बानित्साचे, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचे, दोन तुकडे कापले, मोठा तुकडा सुनेपुढं सरकवला, आणि त्या विषयावर पुन्हा बोलणं म्हणून झालं नाही.

दोचकाचा स्वभावच तसा. चौसष्ट वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा शेजारणी रडायला आल्या, तर तिनं त्यांना कॉफी दिली आणि रडून झाल्यावर कप विसळून ठेवा म्हणून सांगितलं. अशा बाईच्या तोंडून राहा हा शब्द निघायचा म्हणजे आधी तिचे दात पडायला हवे होते, आणि दात तर सगळे शाबूत होते.

बिल्याना खाली गरम झऱ्यांपाशी जे आरोग्यधाम आहे तिथं कामाला होती. गुडघे धरलेल्या, कंबर मोडलेल्या लोकांचे हातपाय चोळायचे, वळवायचे, आणि त्यांना पुन्हा चालतं करायचं. काम साडेआठ ते पाच. गावापासून तिथवर सहा किलोमीटरचा घाट. पूर्वी बसच्या चार फेऱ्या होत्या. ड्रायव्हर म्हातारा होऊन घरी बसला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि उरल्या दोन फेऱ्या. सकाळची बस नऊला खाली पोचायची आणि संध्याकाळची चारला वर निघायची. म्हणजे ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी एकदम सोयीची.

गाडी आसेननं जातानाच विकली होती. दोचका म्हणाली, स्कूटर घे. बिल्यानानं मान हलवली आणि तळघरात गेली. दोन हिवाळे ती तळघरातच होती असं म्हटलं तरी चालेल. पहिल्या हिवाळ्यात तिनं सासऱ्याचं, स्तोइचोचं, वाइनचं एक पिंप फोडलं. पिंप गळकं होतं, ते खरं, पण दोचकाच्या नवऱ्याच्या हातचं होतं. दोचका तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. त्या पिंपाच्या दोन फळ्या, अंगचाच बाक असलेल्या, ओकच्या, आतून वाइनमध्ये जांभळ्या झालेल्या, तिनं शेजारी शेजारी चिकटवून एक केल्या. खाली दोन आस, चार मोठाली रबरी चाकं. मागच्या दोन चाकांना दोन मोटारी, पट्ट्यांनी जोडलेल्या. बॅटरी तर तिनं गावभरच्या मेलेल्या ड्रिल मशीनमधून सेल काढून काढून, एकेक तपासून, तीस सेल जमवून स्वतः जोडली. हातात मुठीएवढा रिमोट. त्यावरचं चाक अंगठ्यानं पुढं ढकललं की फळी पळते, मागं ओढलं की थांबते.

"स्कूटर दुसऱ्यानं केलेली असते, आई," ती म्हणाली होती. "बिघडली की दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं."

हे मात्र दोचकाला आवडलं होतं. तिनं तसं दाखवलं नाही.

पहिल्यांदा सून त्या फळीवर उभी राहून गावातून गेली, तेव्हा चर्चजवळच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, प्रेतयात्रेला काढतात तशा. पुढं सवय झाली. घाटाचा रस्ता नुकताच नवा डांबरी झालेला, काचेसारखा. बिल्याना गुडघे किंचित वाकवून, एक खांदा उताराकडं करून उभी राहायची, पाठीवर पिशवी, डोक्यावर हेल्मेट, आणि वळणावर अंग असं टाकायची की जणू कुणाच्या तरी खांद्याला रेलली आहे. दोचका रोज आठला द्राक्षाच्या मांडवाखाली उभी राहायची. मिरच्या ओवायच्या असतात, वेल बांधायचे असतात, तिथं उभं राहायला कारणं पुष्कळ. तिथून अंजिराच्या झाडापलीकडं घाटाची पहिली दोन वळणं दिसतात. फळीचा आवाज तिला पाठ झाला होता. गावातल्या सपाटीवर बारीक शिट्टी. कारंज्यापाशी उतार लागला की शिट्टी गप्प, नुसता चाकांचा घरघराट. आणि पहिल्या वळणाच्या अलीकडं बिल्यानानं ब्रेक धरला की मोटारी एक खोल, लांब हुंकार द्यायच्या, पोट भरलेल्या गायीसारखा. तो हुंकार ऐकू आला की दोचका मिरच्यांकडं वळायची.

रविवारी फळी उलटी होऊन अंगणातल्या टेबलावर पडायची. बिल्याना चाकं काढायची, बेअरिंग काढून धुवायची. धुवायला ती घाटातल्या लाझरच्या दारूभट्टीवरून राकियाची, म्हणजे द्राक्षाच्या दारूची, पहिली धार आणायची, जी प्यायली तर माणूस आंधळा होतो आणि चोळली तर गुडघे बरे होतात. दोचकाचे गुडघे त्याच बाटलीवर चालायचे, त्यामुळं बेअरिंगवर जाणारा प्रत्येक घोट ती मोजायची. मग पट्टे बोटानं छेडून पाहायचे, ढिला वाटला तर मोटार सूतभर मागं घ्यायची. आणि नट थरथरून सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर लाल नेलपॉलिश.

"नवऱ्यापुढं कधी लावलं नाहीस," दोचका म्हणाली, "आणि नटांना लावतेस."

"नट पळून जाऊ नयेत म्हणून लावते," बिल्याना मान वर न करता म्हणाली.

दोचका घरात गेली आणि भांड्यांकडं तोंड करून हसली.

एक गोष्ट मात्र तिला सलत होती. फळीच्या पोटाला पाच छोटे हिरवे दिवे होते, बॅटरी किती भरली ते दाखवणारे. बिल्याना संध्याकाळी आल्यावर चार्जर लावायची, अंडी उकडायचं घड्याळ शेजारी ठेवायची, ते वाजलं की जाऊन बघायची, आणि चौथा दिवा लागला की चार्जर काढून टाकायची. पाचवा दिवा कधी लागलेला दोचकानं पाहिला नव्हता. एकदा बिल्यानानं आपणहून सांगायला सुरुवात केली होती की वरून निघताना पूर्ण भरायची नसते, कारण असं की... पण दोचका तेव्हा वाटाणे सोलत होती आणि तिला कुणी काही शिकवायला लागलं की तिचे कान आपोआप बंद व्हायचे.

कारण तिला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. फळी नवी होती तेव्हा एकदा, रागाच्या भरात, त्या पिंपाच्या रागात, ती बोलून गेली होती, "माझी वीज पितंय तुझं फळकूट." झालं. त्यानंतर सून एक दिवा कमी भरते. तोंडानं उलटून बोलत नाही, पण रोज रात्री एक दिवा मोकळा ठेवून दाखवते की बघ, तुझं पुरतं घेत नाही. दोचकाला वाटायचं, एकदा म्हणावं, भर गं पाचवा. पण ते म्हणायचं म्हणजे तेव्हा चुकले म्हणायचं, आणि असं करता करता वर्ष गेलं.

सप्टेंबरात बातमी आली. आरोग्यधामातली मोठी बाई निवृत्त झाली आणि तिची जागा बिल्यानाला देऊ केली. जागेबरोबर राहायला खोली, तिथंच आवारात, खिडकीतून चिनारांची झाडं. आरोग्यधामाचा कारभार बघणारी चाकारोवा बाई म्हणाली की मोठ्या बाईनं वेळेवर यायला हवं, रोगी पाण्यात उतरून वाट बघत बसू शकत नाहीत, तेव्हा खोलीतच येऊन राहा. बिल्याना म्हणाली, मी वरूनच येईन. कशावर? फळीवर. चाकारोवा बाईनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, दिमित्रोव्हदेनपर्यंत बघू. महिनाभर एकदाही उशीर झाला नाही तर तुझं तू ठरव. एकदा जरी झाला तर किल्ली घ्यायची आणि खाली यायचं.

आमच्याकडं दिमित्रोव्हदेनला गड्यांची बोली संपते, घरं बदलतात, कुणी राहायचं आणि कुणी जायचं ते त्या दिवशी ठरतं. जुनी माणसं होती तेव्हापासूनचं आहे. चाकारोवा बाई शहरातली, पण तारीख बरोबर त्याच सणाची निघाली.

बिल्यानानं घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि थांबली. सूप गार होईपर्यंत थांबली. दोचकाला कळत होतं की ही कशासाठी थांबली आहे.

"या घराच्या दाराला आतून कडी आहे," दोचका म्हणाली, "बाहेरून कुलूप नाही."

बिल्यानानं ताटल्या उचलल्या.

त्यानंतर महिनाभर दोचका रोज आठला मांडवाखाली उभी राहिली आणि हुंकार ऐकून वळली. सून एकदाही उशिरा पोचली नाही. पाऊस पडला त्या दिवशी ती पाऊण तास आधी निघाली, फळी पाठीला बांधून, चालत. एकदा पट्टा तुटला, तर पिशवीत दुसरा होता, रस्त्याच्या कडेला बसून बदलला आणि साडेआठला तीन मिनिटं कमी असताना दारात. तीस दिवसांतले एकोणतीस असे गेले. उरला पंचवीस ऑक्टोबर, सणाचा आदला दिवस.

त्या दिवशी दोचका पहाटेच उठली. चूल पेटवली. मग तांब्याची कळशी घासायला घेतली. घरातलं माणूस महत्त्वाच्या कामाला निघालं की उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ वाहतं म्हणून. कळशी काठोकाठ भरलेली हवी. निघणाऱ्यापुढं रिकामं किंवा उणं भांडं येता कामा नये, हे दोचकाला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या. कळशी भरून उंबऱ्याशी ठेवली आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. फळी तिथं भिंतीला टेकून उभी होती. तिनं बटण दाबून पाहिलं. चार दिवे.

इतक्या मोठ्या दिवशी सून उणं भांडं घेऊन निघणार, आणि ते उणं कुणामुळं, तर आपल्या एका वाक्यामुळं. दोचकानं चार्जर लावला. शेजारी स्टूल घेऊन बसली, मांडीवर लसूण. दोन गड्डे सोलून झाले तेव्हा पाचवा दिवा लागला. तिला बरं वाटलं. तरी थोडं आणखी राहू दिलं, काठोकाठ. मग चार्जर काढून होता तसा गुंडाळून ठेवला आणि बटण बंद केलं. सांगायची गरज नव्हती. पोटात गेलं म्हणजे झालं.

आठला बिल्याना निघाली. उंबऱ्यावर पाणी ओतताना दोचका एवढंच म्हणाली की फरशी धुवायचीच होती. बिल्यानानं ओल्या दगडावर पाय ठेवला, हसली, आणि फळीवर चढली. दिवे तिनं पाहिले नाहीत. पाहायचे कशाला, आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं चारावर चार्जर काढला होता.

दोचका मांडवाखाली जाऊन उभी राहिली. शिट्टी, मग कारंज्यापाशी गप्प, मग घरघराट. पहिलं वळण आलं. हुंकार सुरू झाला आणि मधेच तुटला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. नुसती चाकं. घरघराट वाढत गेला. दोचकाच्या हातातली मिरच्यांची माळ तिथंच राहिली. अंजिराच्या पानांतून तिला दिसलं की सून वळणावर नेहमीपेक्षा खूप खाली वाकली आहे, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मोठाले वेढे घेत आहे, वेग मारायला. दुसरं वळण तिला घेता आलं नसतं, एवढा वेग. तिनं ते घेतलंच नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाझरची राकियाची भट्टी आहे, तिकडं जाणारा चढ आहे, तिकडं तिनं फळी घातली. भट्टीपुढं उकडून टाकलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग होता, बैलगाडीएवढा. बिल्याना त्या ढिगात कमरेपर्यंत गेली.

दोचका फाटकापर्यंत पोचली होती, गुडघे विसरून. खालून लाझरचा आवाज आला, तो कुणाशीतरी बोलत होता, आणि मग सुनेचा आवाज आला, तो उत्तर देत होता. दोचकानं फाटकाची दांडी धरली.

दोघं चालत वर आली. बिल्याना कमरेपासून खाली जांभळी, बुटांतून रस गळतो आहे, फळी काखेत. मागं लाझर, हातात फावडं. पंचाहत्तरीचा माणूस, कधीकाळी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि आता भट्टी सांभाळतो, त्यामुळं त्याला सगळं कळतं. तो चढ चढेपर्यंत बोलतच होता, की तुझे ते मेलेल्या ड्रिलचे सेल, मेलेलं शेवटी मेलेलंच, आणि जी वस्तू एकदा हात सोडते ती पुन्हा सोडते, तेव्हा पोरी, खोली घे आणि ही फळी भट्टीत घाल, ओक आहे, छान जळेल.

"लागलं का?" दोचकानं विचारलं.

"नाही. चोथा मऊ आहे."

"वास येतोय."

"त्याला राकियाचा येतो, मला चोथ्याचा," बिल्याना म्हणाली, आणि फळी टेबलावर उलटी घालून बसली.

आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. तिनं पट्टे छेडले, दोन्ही घट्ट. नट पाहिले, लाल रंग जिथला तिथं. झाकणाचे स्क्रू काढले आणि आतल्या तारा एकेक ओढून पाहिल्या. सगळं जागेवर होतं. एक ओकची फळी मात्र मागच्या आसापाशी लांबीनं चिरली होती. पण चिरलेली फळी ब्रेक घालवत नाही. बिल्यानाचे हात थांबले. तिचा चेहरा दोचकानं फार वर्षांपूर्वी एकदा तसा पाहिला होता, स्पेनहून पहिलं पत्र आलं तेव्हा.

"कारण सापडलं असतं तर गेले असते," ती म्हणाली. "कारण नसताना सुटलं, तर यावर उभं राहता येणार नाही मला. आज नाही आणि उद्याही नाही."

लाझरनं मान डोलावली, म्हणाला हेच मी म्हणत होतो. बस नऊला पोचेल, म्हणजे अर्धा तास उशीर, म्हणजे किल्ली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दोचका उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. लाझरच्या मेलेल्या सेलांवर गेलं असतं. सून खाली गेली असती, रविवारी येत राहिली असती, दोन बानित्सा घेऊन गेली असती, आणि दोचकाला आयुष्यात एकदाही मान खाली घालावी लागली नसती. शेवटी मान उंच ठेवून ती या मांडवाखाली एकटी बसली असती, आणि आठला ऐकायला काही नसतं.

"मी भरली ती," ती म्हणाली.

बिल्यानानं वर पाहिलं.

"पहाटे. पाचवा दिवा लागेपर्यंत. त्याच्यापुढंही जरा."

"का?"

दोचकानं लाझरकडं पाहिलं. तो जायचं नाव घेईना. मग त्याच्यासमोरच बोलली, जे व्हायचं ते होवो म्हणून.

"तू एक दिवा कमी ठेवतेस, मला वाटलं माझ्या त्या बोलण्यावरून. विजेच्या. आणि तू उशिरा पोचू नयेस, म्हणून. खाली राहायला जाऊ नयेस, म्हणून. आता विचारू नकोस पुन्हा."

मग बिल्यानानं बटण दाबलं. पाच दिवे लागले, हिरवेगार. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, चोथ्याच्या बिया गळत. मग डोळे पुसून तिनं सांगितलं, घाईघाईत, आणि या वेळी दोचकानं ऐकलं. ब्रेक धरला की मोटारी उलट वीज तयार करतात आणि ती बॅटरीत परत ओततात. उतारावर फळी थांबते ती अशी. बॅटरी काठोकाठ असली तर ओतायला जागा नसते, आणि मग बॅटरी तोंड मिटून घेते, ब्रेक लागत नाही. वरून निघणाऱ्यानं म्हणून पाचवा दिवा मोकळा ठेवायचा असतो. खालून निघणाऱ्याला ती गरज नाही.

"म्हणजे उणं ठेवायचं, ते उताराला जागा म्हणून," दोचका म्हणाली.

"हो."

"मग हे आधी सांगायचं."

"सांगत होते. तू वाटाणे सोलत होतीस."

लाझर म्हणाला की हे तर मला माहीत होतं, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गप रे."

उपाय साधा होता, ओतून द्यायचं. घरामागून वरच्या स्मशानाच्या चॅपेलपर्यंत खडा चढ जातो, तो चढला की बॅटरीत जागा होते. पण आधी चीर. दोचकानं मांडवावरची वेल बांधायची तार ओढून घेतली आणि फळीला पाच वेढे दिले. चाळीस वर्षं वेल बांधलेले हात, गाठ अशी बसली की बिल्यानानं ओढून पाहिली तरी हलली नाही. मग बिल्याना चोथ्यानं भरलेल्या बुटांनीच फळीवर चढली, चॅपेलपर्यंत शिट्टी मारत गेली, खाली आली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा उतरताना हुंकार आला, भरलेल्या पोटाचा नव्हे, जागा असलेल्या पोटाचा. दोचकाला आता फरक कळला.

सव्वाआठ वाजत होते. बिल्याना थांबली नाही. अंगणावरून जाताना तिनं फक्त हात वर केला. शिट्टी, गप्प, घरघराट. पहिल्या वळणाला हुंकार आला आणि वळण संपेपर्यंत टिकला. दुसऱ्या वळणालाही. मग अंजिरामागं काही दिसेना. लाझर म्हणाला, ढीग बिघडला माझा. दोचका म्हणाली, तुझ्या ढिगाला आज पहिल्यांदा काही किंमत आली.

तो दिवस कसा गेला ते दोचकानं कुणाला सांगितलं नाही. सणाचा कोंबडा कापायचा होता, तो कापला नाही. दुपारी ती तळघरात उतरली. तिथं स्तोइचोचं दुसरं पिंप होतं, धड असलेलं, न गळणारं. गेल्या अकरा वर्षांत त्यात कुणी वाइन घातली नव्हती, आणि त्याला कुणी हातही लावायचा नाही असा घरचा कायदा होता. तिनं हातोडा आणि पाचर घेतली, आणि स्तोइचोला पाहिलं होतं तसं, गोल फिरत फिरत, एकेक ठोका देत पिंपाची लोखंडी पट्टी वर सरकवली. पहिली पट्टी निघाली. दुसरी निघाली. पिंप फुलासारखं उमललं आणि फळ्या भिंतीला टेकून पडल्या, तळघरभर वाइनचा जुना वास सुटला. दोचका पायरीवर बसून राहिली थोडा वेळ. मग फळ्या एकेक उचलून, उजेडाशी धरून, गाठी बघून, तिनं वेगळ्या केल्या.

साडेपाचला शिट्टी आली, चढाची, दमलेली. बिल्याना अंगणात उतरली. अंगावर आरोग्यधामाचा पांढरा झगा, रोग्यांना देतात तो, आणि पायात रबरी चपला. सांगितलं ते असं, की पोचली तेव्हा साडेआठला एक मिनिट कमी होतं. चाकारोवा बाई दारातच उभी होती, घड्याळ बघत, आणि मग घड्याळ सोडून वास घेत. म्हणाली, सकाळी सकाळी? बिल्यानाला फुंकून दाखवावं लागलं. मग तिला गरम पाण्याच्या हौदात घातलं, रोग्यांच्या आधी, आणि कपडे उकळायला टाकले. गुडघेवाले म्हातारे विचारत होते की हा नवा उपचार कधी मिळेल. जागा मिळाली. सणानंतर ती मोठी बाई.

हे सांगून झाल्यावर तिनं झग्याच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. पितळी, नंबराचा बिल्ला लावलेली.

"चाकारोवा बाई म्हणाली, महिना पुरा झाला, आता तुझं तू ठरव. खोली मोकळीच आहे."

दोचकानं किल्लीकडं पाहिलं. सकाळी एकदा बोलून झालं होतं, आणि तेच दुसऱ्यांदा बोलणं तिला जमणारं नव्हतं. ती आत गेली आणि तळघरातून फळ्या घेऊन आली, काखेत धरून, दोन्ही. एक टेबलावर ठेवली, दुसरी हातात ठेवली. बिल्यानानं ओळखल्या.

"तुझी एकच चिरली आहे," दोचका म्हणाली. "जाणार असशील तर एक बदलून देते, घाट उतरण्यापुरतं होईल. राहणार असशील तर दोन्ही काढल्या आहेत, जोडी कर नवी. तुझं तू ठरव. पण लवकर सांग, ही जड आहे."

बिल्यानानं किल्ली उचलली, चुलीमागच्या खिळ्याला, जिथं भोपळ्याच्या बियांची पिशवी टांगलेली असते, तिथं अडकवली. मग परत येऊन दोचकाच्या हातातली फळी घेतली, उलटी केली, अंगठा फिरवून तिचा बाक पाहिला.

"हिची रुंदी जास्त आहे," ती म्हणाली. "एका अंगानं रंधा मारावा लागेल. बाबांचा रंधा आहे ना अजून?"

"धार नाही."

"लावू."

दोचका चुलीकडं वळली. सूप वाढता वाढता तिनं विचारलं, चार्जर लावला का. लावला, बिल्याना म्हणाली. दोचकानं अंडी उकडायचं घड्याळ फळीपासून उचलून आपल्या ताटलीशेजारी ठेवलं. ते वाजलं तेव्हा बिल्याना उठायला लागली, तर तिनं तिला हातानंच बसवलं, गुडघ्यावर जोर देऊन स्वतः उठली, आणि चौथ्या दिव्यावर चार्जर काढला.